आबाची पेटी: थर्मामीटर भिंतीवर, कासव जमिनीवर

ताईचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आबा जेवत नाहीये रे, आणि दिवसभर नुसता काचेवर चढतोय." आबा म्हणजे कासव. हॉर्सफील्ड जातीचं, ज्याला रशियन कासव पण म्हणतात, पाण्यातलं नाही, जमिनीवरचं. वय नक्की माहीत नाही पण पूर्ण वाढलेलं. आधीच्या मालकांना सांभाळणं जमेना म्हणून टाकीसकट ताईकडे आलं, आणि टाकी आली म्हणजे लागतं ते सगळं आलं असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं. खरं सांगायचं तर सगळं आलंच होतं. खालून ऊब देणारी हीट मॅट होती, यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) देणारा बल्ब होता, डिजिटल थर्मामीटर, पाण्याची वाटी, लपायला लाकडी घर, एक वस्तू कमी नव्हती. तरीही कासव आजारपणाच्या वाटेला लागलेलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितोय.

मी पहिला प्रश्न विचारला तो जातीचा आणि कागदांचा. कासव कुठल्या जातीचं आहे हे कळल्याशिवाय तापमान, ओल, खाणं यातलं काहीच ठरवता येत नाही, आणि ते पाळणं कायदेशीर आहे का हेही जातीवरच ठरतं. हॉर्सफील्ड साइटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे व्यापार कागदपत्रांनीच व्हायला हवा, आणि स्टार कासव तर २०१९ पासून पहिल्या परिशिष्टात आहे, तिथे आंतरराष्ट्रीय व्यापार बंदच. आबाचे कागद होते, पुढे गेलो.

टाकी काचेची, तीन फूट बाय दीड फूट, मुळात माशांसाठीच बनवलेली. वर काचेचं झाकण, आणि झाकणावर बाहेरून ठेवलेला यूव्हीबी बल्ब. तळाला तीनेक सेंमी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, काचेखाली हीट मॅट. मागच्या काचेला साधारण वीस सेंमी उंचीवर थर्मामीटर चिकटवलेला, तो दाखवत होता २९. भावोजी म्हणाले, "बघा, टेंपरेचर तर परफेक्ट आहे, मी रोज चेक करतो." आणि ते खरंच रोज बघत होते, वहीत लिहूनही ठेवलेलं, २९, २८.५, २९. माझाही पहिला दिवस या आकड्यामुळेच वाया गेला, कारण मी पण तो वाचून तापमान बाजूला ठेवलं आणि खाण्याच्या मागे लागलो.

दुसऱ्या दिवशी टेंपरेचर गन घेऊन गेलो, ती लांबून पृष्ठभागाचं तापमान वाचणारी इन्फ्रारेडवाली, आणि खाली वाकून मापं घेतली. थंड कोपऱ्यातलं कोकोपीट २१. गरम कोपऱ्यात वरचा थर २७. तिथेच बोटाने उकरून तळाची काच उघडी केली तर ४३! थर्मामीटर यातलं काहीच सांगत नव्हता, तो झाकणाखाली कोंडलेल्या हवेचं तापमान सांगत होता, आणि त्या हवेत कोणी राहत नव्हतं. आबाची पाठ जमिनीपासून जेमतेम नऊ सेंमी उंच.

आता हे ४३ इतकं वाईट का, तर हॉर्सफील्ड हे मध्य आशियातल्या कोरड्या गवताळ आणि अर्धवाळवंटी भागातलं कासव. उन्हाळा कडक, हिवाळा त्याहून कडक, आणि ते दोन्ही टाळायला ते बीळ खोदतं, वर्षातले बरेच महिने जमिनीखालीच काढतं. त्याच्या अंगात एक गोष्ट पक्की बसलेली असते की ऊन वर आणि गारवा खाली. गरम झालं की खोद. आबा तेच करत होता, गरम झालं की खोदायचा, आणि जितकं खोदेल तितकं जास्त गरम लागायचं. हीट मॅटने त्याचं जगच उलटं करून टाकलेलं. शिवाय पोटाकडच्या कवचाने खालची उष्णता नीट ओळखून बाजूला होणं या प्राण्यांना फारसं जमत नाही, त्यामुळे भाजण्याचा धोका वेगळाच.

यूव्हीबीची गोष्ट याहून साधी. यूव्ही इंडेक्स, म्हणजे अतिनील किरणांची तीव्रता, मोजायचं मीटर एका ओळखीच्याकडून मागून आणलं होतं, ते कासवाच्या पाठीच्या उंचीवर धरलं, आकडा ०.०. बल्ब चालू, प्रकाश लख्ख, आणि यूव्हीबी शून्य. साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळाच अडवते, आणि बल्ब काचेच्या झाकणावर. यूव्हीबी डोळ्याला दिसत नाही त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. या किरणांशिवाय कातडीत डी३ जीवनसत्त्व बनत नाही, डी३ नसलं की खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर हाडांतून आणि कवचातून कॅल्शियम ओढायला लागतं. कवच मऊ पडलेली, पाय वाकडे झालेली कासवं बहुतेक वेळा याच वाटेने गेलेली असतात.

त्याच आठवड्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचं बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. लांबी साडेपंधरा सेंमी, वजन ६४० ग्रॅम, लांबीच्या मानाने कमीच. कवच टणक होतं, सुटलो. चोच वाढलेली, ती त्यांनी घासून दिली. विष्ठेत पिनवर्म सापडले, हे जंत कासवांत सर्रास असतात, पण इथे जास्त होते म्हणून औषध दिलं. लघवीबरोबर येणारा पांढरा भाग लोण्यासारखा मऊ हवा तो वाळूसारखा कचकचीत येत होता, म्हणजे अंगात पाणी कमी. रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवायचं, पाणी हनुवटीच्या खालीच, असं दोन आठवडे. आणि जाताजाता डॉक्टर म्हणाले की शेपटी आखूड आहे, नखं अशी, त्यामुळे आबा बहुधा आजी आहे. घरात यावर बराच वेळ हसणं चाललं, नाव मात्र आबाच राहिलं, मीही सवयीने "तो"च लिहितोय. पण ही माहिती नुसती गमतीची नव्हती. मादी नरापेक्षा मोठी होते, आणि नर नसला तरी अंडी घालू शकते, आणि ती घालायला खोल माती मिळाली नाही तर अंडी आत अडकू शकतात. पेटीचा आराखडा इथेच बदलला.

नवी पेटी व्हायला वेळ लागणार होता, तोवर त्याच टाकीत चार गोष्टी लगेच केल्या. मॅट बंद. झाकण काढून टाकलं. बल्ब आत वरून टांगला. आणि तीन बाजूंच्या काचांना बाहेरून तपकिरी कागद चिकटवला. कासवाला काच कळत नाही, पलीकडे जागा दिसते म्हणजे जाता येणार असं त्याला वाटतं आणि तो तासन्तास तिथेच पाय घासत राहतो. कागद लावल्यावर चौथ्या दिवशी ताईचा मेसेज, काचेवर चढणं अर्ध्याने कमी झालंय. अर्ध्याने म्हणजे तिच्या अंदाजाने, मोजलं कुणी नव्हतं.

पेटी सहा फूट बाय तीन फूट ठरली, १८ मिमीच्या प्लायवूडची, भिंती ४५ सेंमी, वर उघडी. भावोजींना समोरून काच हवी होती, म्हणजे हॉलमध्ये बसून बघता येईल, त्यावर आमची बरीच झाली आणि शेवटी समोरच्या भिंतीत फक्त वरच्या बाजूला काचेची पट्टी असं ठरलं, आबाच्या डोळ्यांच्या बरीच वर, माणसांच्या सोयीची. कोपऱ्यांवर आडव्या त्रिकोणी फळ्या मारल्या कारण हॉर्सफील्ड कोपऱ्यात दोन भिंतींना पाय लावून भलतंच चढतं. आतून पाण्यावर चालणारं व्हार्निश आणि त्यावर तळ्यात घालतात ते जाड पाँड लायनर. व्हार्निशचा वास पूर्ण जाईपर्यंत पेटी तशीच उघडी ठेवली, जवळजवळ तीन आठवडे. हा कंटाळवाणा भाग आहे आणि लोक हाच उरकून टाकतात.

मातीचा हिशोब मात्र मी आधी केला नसता तर फजिती होती. पंधरा सेंमीचा थर सगळीकडे टाकायचा तर अडीचशे लिटर माती लागते, आणि ओलसर माती-रेतीचं मिश्रण लिटरला दीड किलोच्या आसपास, म्हणजे पावणेचारशे किलो! ताई पेटी जुन्या डायनिंग टेबलावर ठेवणार होती. मग असं केलं की थंड बाजूच्या दोन फुटांत वीस सेंमी माती, बीळ खोदायला आणि वेळ आली तर अंडी घालायला, आणि बाकी चार फुटांत सात सेंमी. तरी पावणेतीनशे किलोच्या घरात गेलंच. टेबलाचा विचार सोडून दिला, सहा पायांची बुटकी फ्रेम बनवून भिंतीलगत ठेवली, थेट जमिनीवर ठेवली नाही कारण खोलीतली गार हवा खालीच साचते.

मिश्रण साधंच, तीन भाग खत न घातलेली बागेची माती आणि दोन भाग धुतलेली रेती, थोडं पाणी मारून हाताने चांगलं दाबलं. दाबलं नाही तर बीळ ढासळतं. नर्सरीतली तयार माती घेऊ नका, त्यात पांढरे पर्लाइटचे दाणे असतात आणि कासव ते खातं. नुसती रेती पण नको, खाण्याबरोबर पोटात जाऊन साचते. जड दगड मातीवर ठेवायचे नाहीत, पेटीच्या तळावर टेकवायचे आणि मग माती भरायची, कारण कासव दगडाखाली खोदणारच आणि वर ठेवलेला दगड त्याच्यावरच बसणार.

आता दिवे. गरम टोकाला १०० वॅटचा फ्लडलाइट प्रकारचा बास्किंग बल्ब, म्हणजे ऊन खायला बसण्यासाठीचा, खाली सपाट काळा दगड, आणि बल्बच्या शेजारीच रिफ्लेक्टरसह टी५ (बारीक ट्यूबलाइटचा प्रकार) यूव्हीबी ट्यूब. दोन्ही एकाच टोकाला, कारण ऊन म्हणजे ऊब आणि यूव्हीबी एकत्रच, कासव तापायला येतं तेव्हाच त्याला किरणं मिळायला हवीत. स्पॉट बल्ब मुद्दाम टाळला, तो पाठीच्या मधोमध नाण्याएवढी जागा तापवतो आणि पाय थंडच. दिवे चिमट्याने अडकवले नाहीत, वरून लाकडी पट्टी टाकून साखळीने टांगले, चिमटा निसटून बल्ब पडला की आग लागते.

मापं घ्यायला आबाला तासभर बल्बखाली बसवणार कोण, म्हणून त्याच्या उंचीचं काहीतरी हवं होतं. मी स्वयंपाकघरातला स्टीलचा वाडगा उपडा घातला, अर्ध्या तासाने गन लावली, २६. बल्ब वरून ओकतोय आणि २६? वाडग्याला हात लावला तर चटका बसला. चकचकीत धातूवर इन्फ्रारेड गन चुकीचं वाचते, तो स्वतःची उष्णता कमी सोडतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. आधीच्या घरचा थर्मामीटर चुकीच्या जागी होता, माझा चुकीच्या वस्तूवर, फरक तो काय. मग मातीची नऊ सेंमी उंचीची कुंडी उपडी घातली. भाच्याने तिचं नाव ठेवलं खोटा आबा. खोट्या आबाच्या पाठीवर, बल्ब ३० सेंमी वर असताना, ५२. साखळी वर घेत घेत ४५ सेंमीला आलो तेव्हा ३७ वर स्थिरावलं, ते चालतं. थंड टोकाला मातीच्या उंचीवर २२. ट्यूब पाठीपासून ३८ सेंमीवर, यूव्ही इंडेक्स ३.४, आणि तिथून लांब जाल तसा उतरत थंड टोकाला लपायच्या घरात शून्य. या जातीला ऊन खायच्या जागी ३ ते ७ च्या दरम्यान चालतं, आम्ही खालच्या बाजूला राहिलो, घरात आहे, सावलीला जायला जागा आहे पण मैदान नाही. ट्यूबला जाळी लावली नाही, जाळी बराच यूव्हीबी खाते. ट्यूबवर मार्करने तारीख लिहिली, प्रकाश तसाच दिसत राहतो पण यूव्हीबी आधी उतरतो, म्हणून मीटर नसेल तर वर्षाच्या आत बदलायची. टायमर बारा तासांचा. रात्री घर १८ च्या खाली जात नव्हतं त्यामुळे रात्रीची ऊब लावलीच नाही, रात्रीचा गारवा या कासवाला हवाच असतो.

आबा नव्या पेटीत गेला आणि पाचव्या दिवशी मोठा घोळ झाला. बल्ब थर्मोस्टॅटवर होता, म्हणजे तापमान बघून बल्ब कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, त्याचा सेन्सर वायरने दगडाजवळ ठेवलेला. आबाने खोदताना तो मातीत पुरला. मातीत गार, म्हणून थर्मोस्टॅटला वाटलं की थंडी पडली आणि त्याने बल्ब पूर्ण ताकदीवर सोडला. मी मापं घेतली तेव्हा थर्मोस्टॅट आधीच बल्ब मंद करत होता हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ताईचा फोन, दगडाला हात लावला तर भाजतंय. गन लावायला सांगितली, ४९. नशिबाने आबा दुसऱ्या टोकाला बिळात होता, म्हणजे यावेळी खाली खरंच गारवा होता म्हणून वाचला. मग दोन गोष्टी बदलल्या. सेन्सर दहा सेंमी उंचीवर भिंतीला, भोकं पाडलेल्या पाइपच्या तुकड्यात स्क्रूने बसवला, कासवाला हलवता येणार नाही असा. आणि १०० वॅट काढून ७५ लावला, थर्मोस्टॅट नसतानाही पूर्ण ताकदीवर कुंडीची पाठ ३८ च्या वर जात नाही हे बघूनच. थर्मोस्टॅट असला म्हणजे कितीही मोठा बल्ब चालतो हा माझा समज होता, तो गेला.

दुसरा प्रसंग छोटा पण जीवावरचा. दगडाची कड मातीपेक्षा सात सेंमी वर राहिलेली, आबा तिथून उलटा पडला, पाठीवर, बल्बच्या बरोबर खाली. भाचा समोरच होता म्हणून लगेच सरळ केला. दिव्याखाली उलटं पडलेलं कासव काही तासांत मरू शकतं. माती चढवून दगडापर्यंत उतार केला, आता कड नाहीच.

ओलीचं मात्र मी तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुर्लक्ष केलं. कोरड्या भागातलं कासव म्हणून सगळं कोरडं ठेवलं, धूळ उडायला लागली, आबा शिंकायला लागला. शिंका म्हणजे सर्दी-न्यूमोनिया असेल या भीतीने पुन्हा डॉक्टर, नाकातून पाणी नव्हतं, तोंड उघडून श्वास नव्हता, धूळच निघाली. खरं तर बिळाच्या आतली हवा बाहेरच्यापेक्षा खूप दमट असते, कोरड्या प्रदेशातलं कासव दिवसाचा बराच भाग त्या दमट हवेत काढतं. पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात त्याचं खापर लोक वर्षानुवर्षं प्रथिनांवर फोडत आले, पण २००३ मध्ये आफ्रिकन सुलकाटा जातीच्या कासवाच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात हवेतल्या ओलीचा परिणाम प्रथिनांपेक्षा बराच जास्त दिसला. आबाच्या पाठीवर थोडे उंचवटे आहेतच, ते आता सपाट होणार नाहीत. आम्ही वरून फवारणी केली नाही, चारही कोपऱ्यांत पाणी ओतलं, ते खाली जाऊन तळाची माती ओली राहते आणि वरचा थर कोरडा. ओलं आणि गार असं एकत्र वर राहिलं की मग खरी सर्दी होते.

खाण्यात फार सांगण्यासारखं नाही. आधी केळं आणि लेट्यूस चालू होतं, दोन्ही बंद, या जातीला फळं नकोतच. डँडेलियन, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, काटे काढलेलं फड्या निवडुंग, सपाट फरशीच्या तुकड्यावर, म्हणजे चोच आपोआप झिजते. पेटीत कॅल्शियमसाठी कटलफिश या समुद्री प्राण्याचं हाड ठेवलंय, मनात आलं तर चावतो.

वजन दर रविवारी, पाण्यात बसवायच्या आधी, कारण पाणी प्यायलं की आकडा फुगतो. सुरुवात ६४०, दुसऱ्या आठवड्यात ६३१ झालं आणि ताई रडवेली झाली, पाचव्यात ६६८, दहाव्यात ७०५. सकाळी दिवा लागला की वीसेक मिनिटांत बाहेर येतो, पाय पसरून दगडावर पडतो, तापला की हिंडायला. संध्याकाळी स्वतः खोदलेल्या बिळात. भिंतीकडेने फिरणं पूर्ण थांबलेलं नाही, दिवसातून तासभर तरी करतो, त्याला सहा फूट पण कमीच आहे आणि हवा बरी असली की बाहेर कुंपणात सोडायची सोय भावोजी करतायत. हिवाळझोपेचं यंदा नको म्हणाले डॉक्टर, वजन भरू दे आधी.

या जातीची चिवट म्हणून ख्याती आहे. १९६८ च्या सप्टेंबरमध्ये सोव्हिएत झोंड ५ यानातून चंद्राला वळसा घालून जिवंत परतलेली कासवं याच जातीची. ताईला ही गोष्ट फार आवडली, मला मात्र त्यात आबाच आठवतो, तीन फुटांच्या टाकीत ४३ अंशाच्या काचेवर खोदत किती महिने काढले असतील आणि वहीत रोज २९.

जुना थर्मामीटर भावोजींनी नव्या पेटीच्या भिंतीवर पुन्हा चिकटवलाय, दिसायला बरा दिसतो म्हणून. खरी मापं भाचा घेतो, रविवारी वजनानंतर, कुंडी उपडी घालून अर्धा तास थांबून. झालं की ती लगेच बाहेर काढावी लागते, नाहीतर आबा खोट्या आबाला ढकलत ढकलत पाण्याच्या ताटलीत नेऊन टाकतो.